दुसरा ‘म’

इटालियन भाषेत पैसे देणं आणि न देणं यांत फक्त एका ‘म’चं अंतर आहे. ‘पागेरेमो’ म्हणजे आम्ही पैसे देऊ. ‘पागेरेम्मो’ म्हणजे आम्ही पैसे दिले असते; आणि त्यापुढचं वाक्य कुठल्याही देशातल्या माणसाला तोंडपाठ असतं. पण पाकीट घरी राहिलं, पण महिनाअखेर आहे, पण तुम्ही आधी बोलायला हवं होतं. एवढा मोठा आर्थिक व्यवहार एका अनुनासिकावर सोपवून ही मंडळी शतकानुशतकं सुखाने नांदत आली आहेत, हे इटलीतलं खरं आश्चर्य. पिसाचा मनोरा त्या मानाने बराच स्थिर म्हणायचा. ही भाषा शिकणाऱ्यांची गंमत अशी की त्यांची सगळी भीती भलत्याच ठिकाणी खर्च होते. जो तो ‘कोंजुन्तीवो’ नावाच्या क्रियापदरूपाला घाबरतो. खुद्द इटालियन लोकही त्याला घाबरतात. पाओलो विल्लाज्जोच्या १९७५ सालच्या ‘फान्तोत्झी’ चित्रपटात गरीब बिचाऱ्या कारकुनांच्या तोंडी त्याची चुकीची रूपं आली आणि त्यावर तो देश अजून हसतो आहे. ‘दिले असते’च्या या संकेतार्थाला, म्हणजे ‘कोंदित्सियोनाले’ला, असा मान कधी मिळाला नाही. पुस्तकवाले त्याला अर्ध्या पानात उरकतात: भविष्यकाळाचं अंग घ्या, शेपट्या बदला, चला पुढच्या धड्याकडे. माझं म्हणणं असं की इथेच फसगत होते. इटालियन संकेतार्थ हा मुळात व्याकरणाचा विषयच नाही. तो शब्दाच्या मधोमध क्षणभर थांबण्याचा विषय आहे, आणि बोलणाऱ्या माणसाला मधेच थांबायला लावणं याहून अवघड काम जगात कुठल्या शिक्षकाला जमलेलं नाही. त्यामुळे शब्दाचे तुकडे नीट पाडता येणं हा शाळेतला छळ वाटला, तरी आपण नेमकं काय कबूल केलं आणि काय नाही, याची तेवढीच एक पावती आपल्या हाती असते.

उदाहरणाला ‘पार्लारे’, म्हणजे बोलणे, हे निरुपद्रवी क्रियापद घेऊ. पार्लेरेइ, मी बोललो असतो. पार्लेरेस्ती, तू बोलला असतास. पार्लेरेब्बे, तो. पार्लेरेम्मो, आम्ही. पार्लेरेस्ते, तुम्ही. पार्लेरेब्बेरो, ते. आता तुकडे पाडा. ‘मी’चे तीनच: पार-ले-रेइ. ‘ते’चे पाच: पार-ले-रेब-बे-रो. मधल्या चौघांचे चार-चार. म्हणजे स्वतःला काय हवंय ते तीन तुकड्यांत सांगून मोकळं व्हावं, आणि इतरांनी काय काय करायला हवं होतं यासाठी मात्र ऐसपैस पाच तुकडे राखून ठेवावेत, अशी ही रचना. भाषा घडवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता. त्यांनी ही रूपं घडवली तीही मोडक्या सामानातून. लॅटिनमध्ये संकेतार्थाचं असं वेगळं रूप नव्हतं. लोकांनी मूळ क्रियापदाच्या पाठीला ‘जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं भूतकाळी रूप चिकटवलं. स्पेन आणि फ्रान्सकडच्यांनी त्यासाठी अपूर्ण भूतकाळ उचलला, टस्कनीवाल्यांनी पूर्ण भूतकाळ. लॅटिन ‘हाबुइत’चं झालं ‘एब्बे’, म्हणजे ‘त्याच्याजवळ होतं’; आणि ते ‘एब्बे’ आजही ‘पार्लेरेब्बे’च्या पोटात अखंड बसलेलं आहे. जे होतं आणि आता नाही, त्याच्या आधाराने जे झालं असतं पण झालं नाही त्याची वर्णनं करायची, हा उद्योग आपल्याकडे फक्त निवृत्त माणसं करतात. तिकडे त्याचं क्रियापदाचं रूप झालं.

शेजाऱ्यांनी अपूर्ण भूतकाळ निवडल्यामुळे त्यांचं काय बिघडलं ते पाहण्यासारखं आहे. स्पॅनिश माणसाचं काहीच बिघडलं नाही. तो ‘आब्लारेमोस’ म्हणाला की बोलणार, ‘आब्लारियामोस’ म्हणाला की बोलला असता. बहिऱ्यालाही फरक कळावा. फ्रेंच माणसाची मात्र पंचाईत झाली. त्याच्या ‘मी बोलेन’ आणि ‘मी बोललो असतो’ यांत शेवटच्या ‘ए’च्या तोंडाचा आ किती मोठा, एवढाच फरक उरला, आणि कितीतरी फ्रेंच लोक तोही करत नाहीत. म्हणजे फ्रेंच माणूस एकटा असताना स्वतःचा बेत आणि स्वतःची हौस यांत गल्लत करतो. इटालियन माणूस एकटा असताना अगदी स्पष्ट असतो. ‘पार्लेरो’ आणि ‘पार्लेरेइ’ यांत कोणाचीही फसगत होणार नाही. घोळ सुरू होतो तो ‘आम्ही’ म्हटल्यावर. तिथे भविष्यकाळ ‘एमो’ आणि संकेतार्थ ‘एम्मो’. आता ‘आम्ही’ म्हटल्यावर घोळ सुरू होणं ही काही इटलीची मक्तेदारी नाही, पण तो घोळ थेट उच्चारात बसवून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्यांचाच.

या प्रामाणिकपणाची कसोटी लागते इमारतीतल्या घरमालकांच्या सभेत. ‘आस्सेम्ब्लेआ दी कोंदोमीन्यो’ नावाची ही संस्था भांडणांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि ज्याने आपल्या सोसायटीची वार्षिक सभा अनुभवली आहे त्याला तिचं वर्णन करायची गरज नाही. विषय लिफ्टचा आहे असं धरू. इटालियन कायदा सांगतो की लिफ्टचा अर्धा खर्च प्रत्येक घराच्या किमतीच्या प्रमाणात वाटायचा आणि अर्धा मजल्याच्या उंचीप्रमाणे. तळमजल्यावाल्याला ही अर्धी विद्या नेहमीच अन्यायाची वाटते. चौथ्या मजल्यावरच्या बाई गुडघ्यांचं वर्णन करतात. शेवटी दमलेला व्यवस्थापक विचारतो, ‘मग तळमजल्याचं काय?’ तळमजला म्हणतो, ‘पागेरे…मो.’ मधे नेमकं काय झालं? ओठ मिटले होते का? मिटले तर किती वेळ? व्यवस्थापक इतिवृत्तात एक ‘म’ लिहून टाकतो. पुढच्या सभेत तळमजला शपथेवर सांगतो की मी दोन म्हणालो होतो, आणि ‘दिले असते’च्या पुढे ‘जर मी लिफ्ट वापरत असतो तर’ हेही म्हणालो होतो, पण तेव्हा सगळे एकदम बोलत होते. हा प्रसंग मी रचला आहे, हे उघड आहे. पण यातली एकही गोष्ट अशक्य आहे असं घरमालकांच्या सभेला एकदा बसून आलेला माणूस म्हणणार नाही.

आता तोंडात नेमकं काय होतं ते पाहू, कारण शिकणाऱ्याची सगळी दैना तिथेच आहे. ‘पार्लेरेमो’चे तुकडे पार-ले-रे-मो. ‘पार्लेरेम्मो’चे पार-ले-रेम-मो. दोन्ही चार-चारच. पहिल्यात ‘रे’ उघडा राहतो, म्हणून इटालियन माणूस त्याला आपोआप लांबवतो. दुसऱ्यात ‘रे’च्या पाठीवर पहिला ‘म’ येऊन बसतो, म्हणून तो स्वर आखूड होतो आणि ओठ मिटलेले राहतात. म्हणजे थांबायचं ते व्यंजनावर. आमच्यासारखा होतकरू विद्यार्थी मात्र ‘इथे जोर द्या’ एवढंच ऐकतो आणि जोर स्वरावर देतो: ‘पार्लेरेऽऽमो!’ झालं. इच्छा व्यक्त करायला गेला आणि नेहमीपेक्षाही ठणठणीत वचन देऊन आला. तो जितका घसा ताणतो तितका भविष्यकाळात रुतत जातो. इंग्रजांना अशा वेळी सबब आहे. त्यांच्या भाषेत एका शब्दाच्या आत व्यंजन दुप्पट थांबवून अर्थ बदलत नाही. मराठी माणसाला तीही सोय नाही. ‘खडा’ आणि ‘खड्डा’ यांतला फरक ज्याला कळत नाही असा मनुष्य महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर फार काळ टिकणार नाही. ‘पका’ हा शब्द नाही आणि ‘पक्का’ हा आहे, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. तरीही वर्गात ‘पार्लेरेम्मो’ आला की मराठी जीभ दुचाकीस्वाराच्या सवयीने गतिरोधकाच्या कडेची फट शोधते आणि ब्रेक न लावता निघून जाते.

याचा थोडा दोष आपल्या लिपीकडेही जातो. देवनागरीत ‘पत्ता’ लिहिला की ‘प’ एकटा उभा आणि दोन्ही ‘त’ मांडीला मांडी लावून शेजारी. डोळ्याला वाटतं, तुकडे प-त्ता. तोंड मात्र पत-ता असंच म्हणतं. आपल्या छंदशास्त्राने डोळ्यावर विश्वास ठेवला नाही, हे त्याचं मोठेपण: जोडाक्षराचा आघात मागे येत असेल तर मागचं अक्षर गुरू धरा, दिसायला ऱ्हस्व असलं तरी. वृत्तात ‘पत्ता’तला ‘प’ वजनदार ठरतो तो याच कारणाने. इटालियन शाळेनेही दुहेरी व्यंजनाच्या बाबतीत कानाचंच ऐकलं: रेम-मो, रेब-बे, वोर-रेइ, मधोमध तोडा. मग ‘पार्लेरेस्ती’ आल्यावर त्याच शाळेने पक्ष बदलला. तिथे नियम असा की ‘स’च्या पुढे व्यंजन आलं तर ‘स’ त्याच्याबरोबर पुढच्या तुकड्यात जाणार: रे-स्ती. म्हणजे अगदी देवनागरी मांडणी. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा यासाठी इटलीच्या मानकसंस्थेने १९६९ साली स्वतंत्र मानकसुद्धा काढलं. ज्या देशात लिफ्टचे पैसे कोण देणार हे ठरत नाही, तिथे ‘पास्ता’ कुठे मोडायचा हे अधिकृत शिस्तीने ठरलेलं आहे. ध्वनिशास्त्रवाले मात्र म्हणतात की कागदावर काहीही करा, कानाला पास-ता असंच ऐकू येतं. पुरावा साधा आहे. ‘कासा’ म्हणजे घर. त्यातला ‘का’ उघडा, म्हणून लांब. ‘पास्ता’तला ‘पा’ तसा लांबत नाही, कारण ‘स’ने त्याचं दार लावलेलं असतं. छंदशास्त्र्यांना विचारलं असतं तर त्यांनी ‘स्ती’च्या आधीचा ‘रे’ गुरू सांगून विषय दोन मिनिटांत मिटवला असता. (असता! हा संकेतार्थ आपल्याकडे किती फुकट मिळतो पाहा.) तात्पर्य, इटालियन मुलं शाळेत रे-स्ती लिहितात, घरी रेस-ती बोलतात आणि दोन्हीकडे पास होतात. परकीय विद्यार्थी दोन्हींचा मेळ घालायला जातो आणि दोन्हीकडे नापास होतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो समंजस माणसांकडून येतो म्हणून जास्त त्रासदायक असतो. ‘अहो, संदर्भावरून कळतं सगळं. एका म-साठी कोणी कोर्टात जात नाही.’ संदर्भ ही चीज मदत करते हे खरं, पण जिथे मदत नको असते तिथेच. घोडा आणि घोडी यांतला फरक संदर्भावरून कळेल. पण ‘येऊ’ आणि ‘आलो असतो’ यांना संदर्भ एकच असतो: कोणीतरी जेवायला बोलावलेलं असतं. ‘वेर्रेमो’ म्हणजे येतोय, ‘वेर्रेम्मो’ म्हणजे आलो असतो. ‘रविवारी या मग दोघं!’ ‘वेर्रे(म्)मो!’ यजमानीण दोन पाहुण्यांचा रस्सा वाढवायचा की नाही हे कंसातल्या त्या हलन्तावरून ठरवणार. समंजस माणूस म्हणेल, पण संकेतार्थ असेल तर पुढे ‘पण’ येईलच की! येत नाही. सभ्य माणूस ‘पण’ गिळतो. तो समोरच्याने समजून घ्यायचा असतो, हीच तर सभ्यता. त्यातून ‘वेर्रेम्मो’ हा शब्द दोनदा थांबायला लावतो: वेर-रेम-मो. त्यातला पहिला दुहेरी ‘र’ म्हणजे मूळ ‘वेनीरे’तला ‘न’ पुढच्या ‘र’ला शरण गेल्याची खूण. ‘वोर्रेइ’त, म्हणजे ‘मला हवं होतं’ यात, ‘वोलेरे’तल्या ‘ल’ने तसाच देह ठेवला. मराठीत असा ‘र्र’ आपण भुर्रकन उडणाऱ्या चिमणीसाठी आणि ‘सर्रास’ होणाऱ्या गैरप्रकारांसाठी राखून ठेवला आहे. नम्रपणे कॉफी मागायला तो वापरावा लागेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘इटालियन लोकच कुठे पाळतात हे?’ बरोबर. उत्तरेत, विशेषतः व्हेनिसच्या बाजूला, दुहेरी व्यंजनांचं आणि जिभेचं जुनं वैर आहे. तिकडची मुलं शुद्धलेखनात ‘दोप्ये’, म्हणजे दुहेरी व्यंजनं, खाऊन टाकतात आणि मास्तर ती लाल शाईने ओकून घेतात. रोमकडे उलटा न्याय. तिथल्या बोलीत दुहेरी ‘र’ एकेरी होतो, ‘वोर्रेइ’चा ‘वोरेइ’ होतो. मात्र ‘ब’ दोन स्वरांमध्ये सापडला की तो आपोआप फुगतो, ‘रोबा’ची ‘रोब्बा’ होते. म्हणजे रोमन माणूस इच्छा व्यक्त करताना काटकसर करतो आणि ‘त्याने बोलायला हवं होतं’ म्हणताना दुप्पट माल देतो. सिएनाची बोली तर ‘पार्लेरेइ’ऐवजी ‘पार्लारेइ’ म्हणत आली, केवळ फ्लॉरेन्स ‘ए’ म्हणतं म्हणून, असा संशय घ्यायला जागा आहे. पण या सगळ्याने माझं म्हणणं पडत नाही, उलट पक्कं होतं. व्हेनिसच्या बोलीने दुहेरी ‘म’ टाकून दिला खरा, पण तिच्याकडे संकेतार्थासाठी वेगळीच शेपटी आहे. तिथे ‘वोर्रेइ’च्या जागी ‘वोरीया’ म्हणतात. पळवाट काढायला दुसरं दार तयार होतं, म्हणून पहिलं बुजवलं. फसतो तो प्रमाण इटालियन बोलू पाहणारा व्हेनिसवाला. त्याचा ‘पार्लेरेमो’ ऐकून फ्लॉरेन्सवाला वाट पाहत बसतो, आणि व्हेनिसवाल्याच्या मनात तर कधीच काही नव्हतं. जगातल्या कुठल्याही समाजाला ‘करू’ आणि ‘केलं असतं’ यांतला फरक सोडून देणं परवडलेलं नाही. फरक कुठे ठेवायचा, ओठात, शेपटीत की भुवईत, एवढंच ज्याचं त्याने ठरवलं.

त्यातही ‘ए’ दोन प्रकारचा असतो. ‘पार्लेरेइ’ आणि ‘पार्लेरेब्बे’ यांत उघडा, ‘पार्लेरेस्ती’ आणि ‘पार्लेरेम्मो’ यांत मिटलेला, आणि लिहिताना चारही सारखे. पुष्कळ इटालियन लोक हा फरक पाळत नाहीत, तेव्हा आपणही नम्रपणे त्यांच्या पंगतीत बसावं. आघाताचं मात्र तसं नाही. ‘पार्लेरेब्बेरो’त आघात ‘रेब’वर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. अशा शब्दांना इटालियन व्याकरणात ‘झ्द्रुच्चोला’, म्हणजे घसरडे, म्हणतात, आणि ही पाटी लावूनसुद्धा लोक घसरतातच. मराठी माणूस सगळ्या अक्षरांना समान वागणूक देतो, किंवा शेवटून दुसऱ्यावर जोर देणं इटालियन असतं असं कुठेतरी ऐकून ‘पार्लेरेब-बेऽ-रो’ म्हणतो. आणि हे रूप टाळताही येत नाही, कारण वर्तमानपत्रं त्याच्यावर चालतात. इटालियन वार्ताहराला खात्री नसलेली बातमी द्यायची असली की तो क्रियापद संकेतार्थात टाकतो. ‘मंत्री राजीनामा देणार’ असं न छापता तो ‘दिमेत्तेरेब्बेरो’ या जातीचं काहीतरी छापतो. अर्थ: मंत्रिमंडळी राजीनामे देतील म्हणे, आम्ही नाही बोललो. बातमी फारच नाजूक असली तर वर एक ठरलेलं वाक्य असतं की इथे संकेतार्थ वापरणं भाग आहे. आपल्या पत्रकारांना हेच साधायला ‘समजते’, ‘कळते’, ‘विश्वसनीय सूत्रांनुसार’ आणि ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’ एवढा फौजफाटा लागतो. तिकडे दोन ‘ब’ पुरतात. ‘सूत्र’ नावाच्या माणसाला चहासुद्धा पाजावा लागत नाही.

उच्चाराची ही काळजी फक्त व्याकरणवाल्यांना असते असं कोणाला वाटत असेल, तर साहित्यातला एक साक्षीदार बोलावतो. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या १७८७ सालच्या ऑपेरात झेर्लिना नावाची खेडवळ नवरी एका सरदाराच्या लाघवी बोलण्याने पाघळते. तिचं मन मागेपुढे होतं ते त्या दोघांच्या द्वंद्वगीतात लोरेन्झो दा पोन्तेने संकेतार्थात लिहिलं. तिला हवंसंही वाटतं आणि नकोसंही, आणि दोन्ही ‘वोर्रेइ’नेच. नेमकी हीच ओळ जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मधल्या लिओपोल्ड ब्लूमच्या डोक्यात दिवसभर घोळते. त्याची बायको ते द्वंद्वगीत गाणार असते, आणि ब्लूमला तिच्या चालचलनाइतकीच तिच्या उच्चारांचीही चिंता. पण तो ओळच चुकीची आठवतो. पहिल्या ‘वोर्रेइ’च्या जागी त्याने ‘वोल्यो’ घातलेला असतो, म्हणजे ‘हवंसं वाटतं’च्या जागी सरळ ‘हवंय’. आणि तिला जमेल का अशी काळजी तो त्या चुकीच्या शब्दाच्याच उच्चाराची करतो! नवऱ्यांच्या इतिहासात इतकी मनःपूर्वक आणि इतकी निरुपयोगी काळजी विरळाच. पुढे अंत्ययात्रेच्या गाडीत बसल्यावर त्याचं त्यालाच चुकलेलं उमगतं. आणि लगेच त्याच गाण्यातल्या एका शब्दाच्या ‘त्रे’ या एकाच तुकड्यावर तिचा आवाज कसा सुंदर लागतो, यात तो हरवतो. समोर मित्राची प्रेतयात्रा, घरी बायकोचा प्रियकर येऊ घातलेला, आणि माणूस तुकड्यांत गुंतलेला. जॉइस हे सगळं नुसतं कल्पनेने लिहीत नव्हता. त्याने त्रिएस्तेत वर्षानुवर्षं भाषा शिकवून पोट भरलं होतं, आणि त्रिएस्तेची बोली त्याच दुहेरी व्यंजनं गिळणाऱ्या व्हेनिसच्या कुळातली.

राहिला शेवटचा आक्षेप, व्यवहारी माणसाचा. ‘इतकं कशाला? बारमध्ये जाऊन इटालियन माणूस “उन काफ्फे” म्हणतो आणि कॉफी मिळते. तुमचा संकेतार्थ पुस्तकात ठेवा.’ (काफ्फेतही दुहेरी ‘फ’ आहे, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं, असो.) आक्षेप खरा आहे, आणि त्याला आणखी बळ देतो. ज्याला नम्र व्हायचं असतं असा इटालियन माणूससुद्धा पुष्कळदा ‘वोर्रेइ’चा डोंगर चढत नाही. तो अपूर्ण भूतकाळात शिरतो आणि ‘वोलेवो’ म्हणतो. वो-ले-वो: तीन उघडे तुकडे, कुठे थांबा नाही, कुठे अडथळा नाही, ओठ-जीभ सगळं मोकळं. ‘माहीत असतं तर आलो नसतो’ असं म्हणताना तो दोन्हीकडे हाच काळ वापरून संकेतार्थाला घरीच ठेवतो. शाळेतले मास्तर यावर डोळे वटारतात, पण बाहेर सगळा देश असंच बोलतो. मराठी माणसाला तर यात परकं काहीच नाही. ‘जरा काम होतं’, ‘थोडे पैसे हवे होते’, ‘तुमच्याशी बोलायचं होतं’: मागणं आजचं, क्रियापद कालचं, म्हणजे नकार आलाच तर तो कालच्या आपल्याला आला, आजच्या आपल्याला नाही. लॅटिन मंडळींनी भूतकाळाच्या तुकड्यांतून संकेतार्थ बनवला, त्याला पुन्हा भूतकाळानेच बाहेर काढला. यावरून संकेतार्थ निरुपयोगी ठरतो, असं व्यवहारी माणसाला वाटतं. मला यावरून एवढंच दिसतं की दुसऱ्या ‘म’वर आणि दुसऱ्या ‘र’वर थांबण्याचा कंटाळा इतका खोल आहे की माणूस त्यापेक्षा भूतकाळात जाऊन यायला तयार होतो. आणि त्या आळसाची किंमतही लगेच वसूल होते, कारण काउंटरमागे उभ्या असलेल्या इसमाचा एक जुना, झिजलेला विनोद याच क्षणाची वाट पाहत असतो.

‘वोलेवो उन काफ्फे.’

‘हवी होती? म्हणजे आता नको?’

पुण्यातल्या दुकानदाराने निदान एवढं बोलण्याचे कष्ट घेतले नसते.